जर्मनीत मास्टर्स: ७.४ सीजीपीए, गावाकडची शेती आणि 'खात्रीची स्कॉलरशिप'

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुणे विद्यापीठाची मेकॅनिकलची पदवी, सीजीपीए ७.४, दोन विषय बॅक राहून पुढच्या प्रयत्नात सुटलेले. चाकणला क्वालिटी विभागात दीड वर्षाची नोकरी. वडिलांची बार्शीकडे शेती, घर गावठाणात. जर्मनीत मास्टर्स करायचं आहे. एका एजंटने दीड लाखाचं पॅकेज सांगितलं आहे आणि त्यात 'स्कॉलरशिपची खात्री' दिली आहे. तुम्ही विचारलंय की स्कॉलरशिप खरंच मिळेल का आणि एजंट घ्यावा का.

स्कॉलरशिपची खात्री कोणीच देऊ शकत नाही, त्यामुळे त्या पॅकेजचा तो भाग आत्ताच बाजूला ठेवा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी मुळातच नाही. दर सत्राला शंभर ते चारशे युरो सेमिस्टर वर्गणी भरावी लागते. तेव्हा तुमच्यापुढचे खरे प्रश्न दोन आहेत. तुमच्या पदवीतले विषय कोणत्या अभ्यासक्रमाच्या अटींत बसतात, हा पहिला. पहिल्या वर्षाच्या राहण्या-खाण्याचे साधारण बारा लाख रुपये व्हिसाच्या आधी कसे उभे करायचे, हा दुसरा. माझ्या पाहण्यात जे अर्ज फसतात ते हुशारी कमी पडली म्हणून क्वचितच फसतात. विषयांची जुळणी न बघता केलेला अर्ज आणि चुकलेला तारखांचा क्रम, बहुतेक वेळा या दोनांतलंच एक कारण निघतं.

विषयांपासून सुरुवात करतो, कारण एजंट नेमकं हेच काम करत नाहीत.

अमेरिकेत अर्ज एकत्रित बघितला जातो: गुण, निबंध, शिफारसपत्रं, सगळं मिळून एक मत बनतं. जर्मन विद्यापीठ आधी एक तांत्रिक चाळणी लावतं. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या प्रवेश नियमावलीत लिहिलेलं असतं की गणिताचे इतके, मेकॅनिक्सचे इतके, थर्मोडायनॅमिक्सचे इतके ईसीटीएस क्रेडिट हवेत. ते भरले नाहीत तर तुमचं मोटिव्हेशन लेटर कोणी उघडतही नाही. ईसीटीएस म्हणजे युरोपभर चालणारं क्रेडिटचं माप. एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचा अभ्यास धरतात आणि एका वर्षाला ६० क्रेडिट होतात.

आपले क्रेडिट त्यात बसवायला सरळ त्रैराशिक आहे, पण हिशेब विद्यापीठागणिक बदलतो. समजा तुमच्या पदवीचे एकूण क्रेडिट १७० आहेत. काही विद्यापीठं आपली चार वर्षं २४० ईसीटीएसची धरतात. मग चार क्रेडिटचा एक विषय ४ × २४० ÷ १७० म्हणजे साधारण ५.६ चा होतो. काही ठिकाणी आपली पदवी १८० चीच धरली जाते आणि तोच विषय ४.२ वर येतो. आता अभ्यासक्रमाने मेकॅनिक्सचे २० ईसीटीएस मागितले आणि तुमचे त्या गटात चार विषय आहेत असं धरा. पहिल्या हिशेबाने साडेबावीस होतात, तुम्ही आत. दुसऱ्या हिशेबाने सतरासुद्धा भरत नाहीत, तुम्ही बाहेर. विद्यार्थी तोच, गुणपत्रिका तीच. म्हणून यादी बनवताना प्रत्येक विद्यापीठाची प्रवेश नियमावली उघडून हा तक्ता स्वतः भरायचा. एका अभ्यासक्रमाला एक संध्याकाळ लागते, आणि ती द्यायची.

विषयांची नावं हा यातला दुसरा अडथळा. जर्मन नियमावलीत 'टेक्निकल मेकॅनिक्स' असं एकच शीर्षक असतं. आपल्याकडे तोच मजकूर इंजिनिअरिंग मेकॅनिक्स, सॉलिड मेकॅनिक्स, कायनेमॅटिक्स ऑफ मशिनरी, डायनॅमिक्स ऑफ मशिनरी असा तुकड्यांत विखुरलेला असतो. तपासणारा माणूस आपला अभ्यासक्रम शोधत बसणार नाही. पुणे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तुमच्या पॅटर्नचा, म्हणजे ज्या वर्षीचा अभ्यासक्रम तुम्हाला लागू होता त्याचा, सिलॅबस पीडीएफमध्ये आहे. त्यातून प्रत्येक विषयाचं नाव, कोड, क्रेडिट, लेक्चर आणि प्रॅक्टिकलचे तास, युनिटवार मजकूर आणि संदर्भग्रंथ उचलून एक सलग दस्तऐवज तयार करा. जर्मन लोक याला मॉड्यूल हँडबुक म्हणतात. कॉलेजच्या विभागप्रमुखांची सही-शिक्का त्यावर घेऊन ठेवा. हा दस्तऐवज एकदा केला की सगळ्या अर्जांना पुरतो. आणि पॅटर्न आपलाच आहे ना, हे नीट बघा. २०१५ आणि २०१९ च्या पॅटर्नमध्ये विषयांची नावं आणि क्रेडिट वेगळे आहेत. मित्राची फाइल उचलून जोडली की कोड जुळत नाहीत.

आता गुण. ७.४ वर काय होईल, हे जर्मन श्रेणीत बदलून बघू. तिथे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. बदलण्यासाठी सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि पासिंग यांच्यातल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. पासिंग ग्रेड पॉइंट ४ धरला तर (१० − ७.४) ÷ ६ × ३ + १ = २.३. पासिंग ५ धरला तर २.५६. कित्येक अभ्यासक्रमांची अट 'किमान २.५', म्हणजे २.५ किंवा त्याहून कमी आकडा, अशी असते. पहिल्या हिशेबाने तुम्ही आरामात आत आहात, दुसऱ्याने थोडक्यात बाहेर. म्हणून ट्रान्सक्रिप्टसोबत ग्रेडिंग पद्धतीचं पान, ज्यावर पासिंगचा ग्रेड पॉइंट छापलेला असतो, ते जोडायलाच हवं. अनेकदा ते गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला असतं आणि स्कॅन करताना फक्त पुढची बाजू स्कॅन होते. दोन्ही बाजू करा. आणि सीजीपीएची टक्केवारी स्वतःहून काढून भरू नका, फॉर्मने मागितली नसेल तर. रूपांतरात गुण जातात आणि दोन आकडे वेगळे दिसले की प्रश्न निघतात.

दोन बॅकची चिंता करताय, पण सुटलेल्या बॅकमुळे कोणी सहसा नाकारत नाही. जिथे जागा मर्यादित आहेत तिथे श्रेणी बघतात. आधी नापास होऊन मग सुटलेल्या विषयाची वेगळी शिक्षा मला दिसलेली नाही. मात्र सगळ्या प्रयत्नांच्या गुणपत्रिका जोडा. एखादी गाळली तर तपासणीत ते लपवल्यासारखं दिसतं.

यावरून यादी अशी बनते. एकूण सहा ते आठ अभ्यासक्रम. त्यांतले दोन अवघड, तीन-चार तुमच्या श्रेणीत बसणारे, दोन असे की ज्यांत जागांची मर्यादा नाही आणि अटी पूर्ण केल्या की प्रवेश मिळतो. शोधायला डाडच्या, म्हणजे जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेच्या, संकेतस्थळावरचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांचा शोध पुरेसा आहे. शिकवण्याची भाषा इंग्रजी, विषय मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शन, अशी गाळणी लावा. टेक्निकल युनिव्हर्सिटी आणि होखशूल, म्हणजे उपयोजित शास्त्रांची विद्यापीठं, या दोन्हींचा विचार करा. पुढे पीएचडी करायची नसेल आणि कारखान्यातच परतायचं असेल तर होखशूल कमी दर्जाचं नाही. तिथल्या प्राध्यापकांना उद्योगातला अनुभव असावा लागतो आणि प्रबंध बऱ्याचदा कंपनीत बसून होतो. तुमच्या क्वालिटीच्या अनुभवाला ते जास्त मानवेल असं माझं मत आहे.

'फी नाही' याला अपवाद आहेत, तेही बघून घ्या. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूहे, फ्रायबुर्ग या बाजूला, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १५०० युरो फी आहे. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरून येणाऱ्या नव्या मास्टर्स विद्यार्थ्यांना सत्राला ४००० किंवा ६००० युरो फी लावली आहे. जुन्या व्हिडिओंमध्ये अजून ती 'फ्री' म्हणून सांगतात.

कागदपत्रांत पहिलं नाव एपीएसचं. भारतातल्या शैक्षणिक कागदपत्रांची तपासणी करणारा जर्मन दूतावासाचा हा विभाग दिल्लीत आहे. १ नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी त्याचं प्रमाणपत्र बंधनकारक आहे. शुल्क १८,००० रुपये. दहावी, बारावी, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी आणि पासपोर्ट लागतो. बरीच विद्यापीठं ते अर्जासोबतच मागतात, म्हणून ते सगळ्यांत आधी. गर्दीच्या महिन्यांत वेळ लांबतो. डिसेंबर-जानेवारीत अर्ज करणाऱ्यांची मार्चच्या मुदतीला धावपळ होते, ती यामुळेच. शिष्यवृत्तीधारकांसारखे काही गट यातून वगळलेले आहेत, पण त्या भरवशावर थांबू नका.

नाव सगळीकडे एकसारखं आहे का, हे आजच तपासा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर कधी वडिलांचं नाव असतं, कधी नसतं. क्रम बदलला तर कोणी हरकत घेत नाही. पण स्पेलिंगमध्ये एक अक्षर वेगळं असेल, किंवा दहावीच्या प्रमाणपत्रावर एक आडनाव आणि पदवीवर दुसरं असेल, तर काम अडतं. छोट्या फरकाला 'ही एकाच व्यक्तीची नावं आहेत' असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र चालून जातं. मोठा फरक असेल तर राजपत्रात नावबदल करून पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा लागतो आणि त्याला महिने जातात.

दुसरी यंत्रणा यूनि-असिस्ट. अनेक विद्यापीठांच्या वतीने हीच संस्था परदेशी अर्ज तपासते. एका सत्रासाठी पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. म्हणजे सहा अभ्यासक्रमांना २२५ युरो. पैसे पोहोचेपर्यंत तपासणी सुरू होत नाही आणि तपासणीला चार ते सहा आठवडे धरावेत. कागद कमी असला तर ते कळवतात, पण कळवेपर्यंत मुदत गेलेली असू शकते. म्हणून मुदतीच्या आठ आठवडे आधी अर्ज पूर्ण करून पैसे भरलेले असावेत. काही विद्यापीठं यूनि-असिस्टकडून फक्त व्हीपीडी नावाचं प्राथमिक तपासणीपत्र मागतात आणि मुख्य अर्ज स्वतःच्या पोर्टलवर घेतात. तिथे दोन्ही कामं करावी लागतात. नुसता यूनि-असिस्टचा अर्ज करून निकालाची वाट बघत बसलेले विद्यार्थी दरवर्षी दिसतात. त्यांचा अर्ज विद्यापीठाकडे कधी पोहोचलेलाच नसतो. आणि काही विद्यापीठं यूनि-असिस्ट अजिबात वापरत नाहीत.

भाषेचं थोडक्यात. आयईएलटीएस ६.५ बहुतेक ठिकाणी पुरतं, गुण दोन वर्षं चालतात. 'माझं शिक्षण इंग्रजीतून झालं' असं कॉलेजचं पत्र काही ठिकाणी चालतं, पण त्यावर यादी मर्यादित होते, म्हणून परीक्षा द्याच. काही विद्यापीठं भारतातल्या अर्जदारांकडून जीआरई किंवा गेटचा स्कोअर मागतात. यादी ठरल्यावरच त्यावर पैसे घाला. जर्मन मात्र आत्ताच सुरू करा. प्रवेशाला लागत नसलं तरी इंटर्नशिप, अर्धवेळ काम आणि पुढची नोकरी या सगळ्यांना मेकॅनिकल क्षेत्रात जर्मन लागतंच. शॉप फ्लोअरवर इंग्रजी चालत नाही. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे. जाईपर्यंत ए२, म्हणजे भाषेची दुसरी पायरी, झालं तर पहिलं वर्ष पुष्कळ सोपं जातं.

मोटिव्हेशन लेटरचं वेगळं सांगतो, कारण एजंटच्या पॅकेजमध्ये तेच सगळ्यांत जास्त विकलं जातं. 'लहानपणापासून मला यंत्रांची ओढ होती' या वाक्याने सुरू होणारी पत्रं समितीपुढे गठ्ठ्याने येतात. तुमच्याकडे दीड वर्षाचं काम आहे, त्यातलं एक उदाहरण घ्या. समजा एखाद्या हाउसिंगचा बोअर वारंवार टॉलरन्सबाहेर जात होता. सीएमएमवर, म्हणजे अचूक मोजमापाच्या यंत्रावर, मोजमापं घेतली, शिफ्टनुसार आलेख काढला, फिक्स्चरच्या लोकेटिंग पिनची झीज सापडली. पण ती झीज आधीच ओळखायला मोजमापांचं जे सांख्यिकी विश्लेषण लागतं, ते पदवीत शिकवलेलं नव्हतं. इतकं चार-पाच ओळींत लिहायचं आणि मग सांगायचं की तुमच्या अभ्यासक्रमातली उत्पादन मोजमापशास्त्र आणि गुणवत्ता व्यवस्थापन ही दोन मॉड्यूल मला याचसाठी हवी आहेत. मॉड्यूलची नावं त्यांच्या हँडबुकमधून जशीच्या तशी घ्या. एक पान, फार तर दीड. हे पत्र तुमच्याशिवाय कोणी लिहू शकत नाही. एजंटला तुमची ती पिन माहीत नाही. कंपनीचे आकडे किंवा ग्राहकाचं नाव मात्र टाकू नका.

शिफारसपत्रं दोन: एक प्रोजेक्ट गाइडचं, एक कंपनीतल्या वरिष्ठांचं. लेटरहेड, तारीख, सही, आणि संस्थेचा अधिकृत ईमेल. काही पोर्टल थेट शिफारस करणाऱ्याला लिंक पाठवतात आणि जीमेलचा पत्ता स्वीकारत नाहीत. आपल्या अनेक प्राध्यापकांचा कॉलेजचा ईमेल वापरातच नसतो. तो सुरू आहे ना, हे आधी विचारून घ्या.

आता पैसे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. १ सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर बारा लाख. भाव वर असेल त्या प्रमाणात वाढवा. भरायच्या दिवशी दूतावासाच्या पानावर आकडा पुन्हा बघा, तो मधूनमधून वाढवला जातो. ही फी नाही, पैसे तुमचेच राहतात आणि तिथे पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो हातात येतात. केम्निट्झ, माग्डेबुर्ग, इल्मेनाऊ अशा पूर्वेकडच्या शहरांत त्यात भागतं. म्युनिकमध्ये भागत नाही, तिथे खोलीचं भाडंच त्यातला मोठा भाग खातं. आरोग्य विमा दरमहा दीडशे युरोच्या आसपास, आणि विद्यार्थ्यांच्या दरातला सरकारी विमा तिसाव्या वर्षापर्यंतच. शिवाय पोहोचताच घराची अनामत द्यावी लागते. कायद्याने ती तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत घेता येते. म्हणून ब्लॉक्ड अकाउंटबाहेर दोन हजार युरो तरी हाताशी हवेत.

अर्धवेळ काम वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस करता येतं. पण पहिल्या सत्रात त्यावर विसंबू नका. भाषा, नोंदणी आणि परीक्षा यांतच सहा महिने जातात.

कर्जाच्या बाबतीत तुमच्या घरची परिस्थिती महत्त्वाची आहे आणि इथे लोक फार उशिरा जागे होतात. सरकारी बँकांत साधारण साडेसात लाखांपुढे तारण लागतं. शेतजमीन कितीही मोलाची असली तरी या कर्जाला ती सहसा घेत नाहीत. बँकांना थकीत कर्जाची वसुली ज्या २००२ च्या सरफेसी कायद्याने करता येते, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणजे सातबारा घेऊन गेलात तर मॅनेजर नम्रपणे परत पाठवतील. गावठाणातल्या घराला बऱ्याचदा फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो. मंजूर नकाशा आणि मालकीची सलग कागदपत्रं नसतील तर तेही अडतं. बार्शीत किंवा सोलापुरात कोणा नातेवाइकाचा एनए प्लॉट किंवा फ्लॅट असेल तर तो तारण आणि मालक सहकर्जदार, असा मार्ग निघतो. मुदत ठेव किंवा विमा पॉलिसीही चालते. दुसरी अडचण उत्पन्नाची. शेती उत्पन्नावर आयकर विवरणपत्र भरलेलं नसतं, आणि बँक सहकर्जदाराचं विवरणपत्र मागते. नोकरी करणारा भाऊ, मामा किंवा काका सहकर्जदार म्हणून घेतला तर फाइल पुढे सरकते. घरातल्यांशी हे बोलणं प्रवेश मिळाल्यावर करायचं नसतं, आत्ताच करायचं असतं. कारण टायटल सर्च, म्हणजे मालकीची तपासणी, आणि मूल्यांकनालाच तीन-चार आठवडे जातात.

आणखी एक बारीक गोष्ट. बँकेला पैसे विद्यापीठाला पाठवायची सवय असते. इथे विद्यापीठाला द्यायचं फारसं काही नसतं. मंजुरीपत्रातच 'निर्वाह खर्च, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये एकरकमी' असं लिहून घ्या. नाहीतर ऐनवेळी शाखा म्हणते की सहा-सहा महिन्यांनी देऊ, आणि व्हिसाला पूर्ण रक्कम एकदम लागते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या पैशावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच वसूल होणारा आयकर, कापला जात नाही. स्वतःच्या पैशातून वर्षाला दहा लाखांपेक्षा जास्त पाठवले तर वरच्या रकमेवर कापला जातो.

आता स्कॉलरशिप. डाडची विकासविषयक अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती, जिला ईपॉस म्हणतात, ती पदवीधरांना दरमहा ९९२ युरो, प्रवासखर्च आणि विमा देते. पण तिला पदवीनंतर किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि ठरावीक यादीतल्याच अभ्यासक्रमांना मिळते, उदाहरणार्थ अक्षय ऊर्जा, जलव्यवस्थापन. निव्वळ मेकॅनिकलला नाही. अर्ज आदल्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास करावा लागतो. तुमचे दीड वर्षं आहेत. ऊर्जेत खरोखर रस असेल तर आणखी सहा महिने थांबून हा मार्ग घेण्यात अर्थ आहे. फक्त पैशासाठी विषय बदलू नका, मुलाखतीत आणि पत्रात ते दिसतं. इरास्मस मुंडसच्या संयुक्त मास्टर्सला दरमहा १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने, आणि फी माफ. स्पर्धा जगभरातून आहे, तरी अर्ज करून बघावा. मुदती बहुधा हिवाळ्यात असतात. डॉइचलांडश्टिपेंडियुम दरमहा ३०० युरो देते आणि तिला राष्ट्रीयत्वाची अट नाही. ती प्रवेश झाल्यानंतर तुमच्या विद्यापीठातूनच मिळते, त्यामुळे व्हिसाच्या हिशेबात धरता येत नाही.

महाराष्ट्रातल्या योजना तुमच्या प्रवर्गावर अवलंबून आहेत, आणि तो तुम्ही लिहिलेला नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, मराठा समाजासाठी सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची शिष्यवृत्ती, इतर मागास आणि भटक्या विमुक्तांसाठी त्यांच्या विभागाची वेगळी योजना, शिवाय केंद्राची नॅशनल ओव्हरसीज. या योजनांत उत्पन्नाची मर्यादा असते आणि परदेशी विद्यापीठाचा क्यूएस या जागतिक क्रमवारीतला क्रमांक बघितला जातो. इथे वर सांगितलेल्या यादीशी टक्कर होते. बहुतेक होखशूल त्या क्रमवारीत नसतात. म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीचा विचार असेल तर यादीत म्युनिक, आखेन, कार्ल्सरूहे, बर्लिनसारखी विद्यापीठं वाढवावी लागतील, आणि ७.४ वर तिथला प्रवेश कठीण आहे. दुसरी टक्कर तारखांची. जाहिरात उन्हाळ्यात निघते आणि तेव्हा विनाअट प्रवेशपत्र लागतं, जर्मनीची पत्रं मात्र बरीचशी मे-जूननंतर येतात. ज्यांची मुदत मार्चमध्ये संपते अशा विद्यापीठांना प्राधान्य दिलं तर पत्र वेळेत यायची शक्यता वाढते. जातवैधता, अधिवास, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेयर, हे कागद जाहिरात निघायच्या आधी फाइलमध्ये असावेत. अटी आणि आकडे शासन निर्णयानुसार बदलतात, त्या वर्षीचा निर्णयच वाचा. खासगीत जे. एन. टाटा एन्डाउमेंट आणि के. सी. महिंद्रा ट्रस्ट ही दोन भरवशाची नावं. दोन्हीकडे मिळतं ते कर्जाऊ, पण बँकेपेक्षा पुष्कळ सोप्या अटींवर.

एजंटबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जर्मन सरकारी विद्यापीठं एजंटला कमिशन देत नाहीत, खासगी देतात. म्हणून 'प्रवेशाची खात्री' देणारा माणूस शेवटी तुम्हाला वर्षाला दहा हजार युरो किंवा त्याहून जास्त फीच्या खासगी संस्थेत नेतो, आणि तिथली फी माफी हीच त्याची 'स्कॉलरशिप' असते. पैसे देऊन कोणाकडून कागद तपासून घ्यायचे असतील तर जरूर घ्या, तासाच्या हिशेबाने. पण अर्जातला ईमेल, पासवर्ड आणि फोन नंबर तुमचाच हवा. एजंटच्या ईमेलवर आलेलं 'एक कागद कमी आहे' हे पत्र कोणी वाचत नाही आणि अर्ज बाद होतो. अनुभवपत्र किंवा शिफारसपत्र 'बनवून देतो' म्हणणाऱ्याकडून लगेच उठा. खोटा कागद सापडला तर प्रवेशच नाही, पुढचे व्हिसाही अडचणीत येतात.

ऑक्टोबरमधल्या हिवाळी सत्रासाठी क्रम असा धरा. आदल्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ट्रान्सक्रिप्ट, नावांची दुरुस्ती, एपीएस. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आयईएलटीएस आणि ईसीटीएसचे तक्ते. जानेवारी ते मार्च अर्ज. काही मुदती मेअखेर किंवा १५ जुलैपर्यंत असतात, पण १५ जुलैची मुदत भारतातून जाणाऱ्याला उपयोगाची नाही, कारण नंतर व्हिसाला वेळच उरत नाही. मार्चपासून तारणाचे कागद. प्रवेशपत्र आलं की त्याच आठवड्यात कर्जमंजुरी, ब्लॉक्ड अकाउंट आणि व्हिसाचा अर्ज. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. शुल्क ७५ युरो, रुपयांत.

व्हिसाची फाइल पहिल्याच वेळी पूर्ण असावी, यावर आता पूर्वीपेक्षा जास्त भर द्या. नकार आल्यावर दूतावासाकडे फेरविचार मागायची सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. नव्याने अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जायचं, एवढंच उरतं. पदवीनंतर आत्ताच्या दिवसापर्यंत काय केलं याचा सलग हिशेब सीव्हीत हवा. मधले रिकामे चार महिने असतील तर 'नोकरी शोधत होतो' असं लिहा, ते चालतं, मोकळी जागा चालत नाही. क्वालिटीतला अनुभव आणि निवडलेला अभ्यासक्रम यांचा संबंध विचारला तर दोन वाक्यांत सांगता यायला हवा. आणि नोंदणीच्या वेळी विद्यापीठ मूळ कागद किंवा प्रमाणित प्रती बघतं, म्हणून दहावीपासूनच्या मूळ गुणपत्रिका हँडबॅगेत न्या, चेक-इनच्या सामानात नको.

तुमच्या आठही सत्रांच्या विषयांची यादी क्रेडिटसह, पॅटर्नचं वर्ष आणि प्रवर्ग इथेच खाली लिहा. मेकॅनिक्स आणि गणिताचे गट कसे पाडायचे ते त्यावरून सांगता येईल. एपीएससाठी मात्र माझ्या उत्तराची वाट बघू नका, या आठवड्यात नोंदणी करा.